विज्ञानाची साक्ष किती घ्यायची?

चार वर्षांपूर्वी मी एका माणसाला गप्प केलं. अनोळखी माणसांत लेखी चालतो तसा आस्तिक-नास्तिक वाद रंगला होता. मध्येच त्यानं लिहिलं की उद्या सकाळी वडिलांची बायपास आहे, ज्यांना जमेल त्यांनी प्रार्थना करा, प्रार्थनेत बळ असतं. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर प्रार्थनेचा काय परिणाम होतो याची एक मोठी चाचणी झालेली आहे. तिचे आकडे मला तोंडपाठ होते. ते मी लगेच त्याच्यापुढे ठेवले. आकडे बरोबर होते. तो पुढे काही बोलला नाही आणि माझ्या बाजूच्या चौघांनी मला शाबासकी दिली.

दोन आठवड्यांनी त्याचा खासगी निरोप आला. "ताई, बाबा घरी आले. तुम्ही दिलेले आकडे वाचले, खरे असतील. पण माझ्या प्रार्थनेनं त्यांच्या धमन्या मोकळ्या होतील असं मी कुठं म्हटलं होतं? पाच तास त्या दाराबाहेर बसायचं होतं मला. हातात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

मी त्याचं लिखाण पुन्हा काढून वाचलं, माझंही वाचलं. तो खरंच तसं कुठं म्हणाला नव्हता. बळ कुणाला मिळतं, आत टेबलावर असलेल्याला की बाहेर बाकावर बसलेल्याला, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. त्यानं न केलेला दावा मी त्याच्या पदरात घातला आणि मग पुराव्यानिशी खोडून काढला.

मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. जग कुणी घडवलं, कुणी ते चालवतं, मेल्यावर आपल्यातलं काही मागे उरतं, यातलं काहीच मला पटलेलं नाही. त्या निरोपानं हे मत हललं नाही. हललं ते वादात विज्ञान वापरण्याची माझी पद्धत. या वादांत विज्ञान साक्षीदार म्हणून उभं असतं. इतका चोख साक्षीदार माणसाला दुसरा मिळालेला नाही. पण दोन्ही बाजूंचे वकील त्याच्या तोंडी आपले शब्द घालतात. त्यानं जे पाहिलं तेवढंच त्याला विचारावं, आणि पाहिलेलं तो सांगू लागला की कुणाच्या भावना दुखावतात म्हणून त्याला गप्प बसवू नये, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी त्या चाचणीबद्दलच बोलते, कारण ती दोन्हीकडून सारखीच वाकवली गेली आहे. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपास होणार असलेले १८०२ रुग्ण, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले तीन गट. पहिल्या दोन गटांतल्या रुग्णांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात पहिल्या गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला ती नक्की होणार असं सांगितलं आणि झालीही. प्रार्थना करणारे ख्रिस्ती समूह रुग्णांना ओळखत नव्हते. त्यांच्याकडे रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना चालली. पुढच्या तीस दिवसांत काही ना काही गुंतागुंत झालेले रुग्ण पहिल्या गटात ५२ टक्के निघाले, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात ५९ टक्के.

हा ५९ चा आकडा पाहिला की माझ्या बाजूच्या लोकांना चेव येतो. प्रार्थनेनं उलट अपायच होतो, हे विज्ञानानं सिद्ध केलं, असं मी स्वतः लिहिलेलं आहे. संशोधकांनी तसं म्हटलेलं नाही. तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. "आपल्यासाठी मुद्दाम प्रार्थना करतात म्हणजे आपलं काही खरं नाही" अशी धास्तीही रुग्णांनी घेतली असेल. पण ती धास्ती मोजण्यासाठी चाचणी आखलेली नव्हती, त्यामुळे त्यावर तिचं नाव घेऊन बोलता येत नाही. शिवाय दुसऱ्या गटातल्या रुग्णांसाठी त्यांच्या घरच्यांनी प्रार्थना केली नसेल असं थोडंच आहे? त्यांना कुणी अडवलं नव्हतं, अडवणं शक्यही नव्हतं. म्हणजे चाचणीत तपासलं गेलं ते इतकंच: परक्या माणसांनी केलेल्या जादा प्रार्थनेनं शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते का? उत्तर आलं, होत नाही.

आता समोरच्या बाजूकडे येते. निकाल लागल्यावर पुष्कळ श्रद्धावान म्हणाले की देवाची परीक्षा घेता येत नाही, कागदावरचं नाव वाचून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. ही भूमिका प्रामाणिक असू शकते. पण ती निकालाआधी घेतलेली असली पाहिजे. पहिल्या गटात ५२ ऐवजी ३० टक्के आले असते तर यातल्या किती जणांनी "छे, देवाची परीक्षा घेता येत नाही, हे आकडे बाजूला ठेवा" असं म्हटलं असतं? माझ्या अनुभवात असा माणूस विरळा. अनुकूल साक्ष कोर्टात आणि प्रतिकूल साक्ष केराच्या टोपलीत, असं करणाऱ्याला साक्षीदार नकोच असतो. त्याला होयबा हवा असतो.

आणि एका जातीच्या दाव्याला या साक्षीतून सुटका नाही. "रुग्णाचं नाव कळवा, आमचा समूह प्रार्थना करेल, गुण येईल" असं म्हणणारे जगभर आहेत, सगळ्या धर्मांत आहेत. त्यांचा दावा चाचणीतल्या दाव्याशी तंतोतंत जुळतो. तिथे मी हे आकडे आजही मांडते, आवाज न चढवता आणि न कचरता. दाराबाहेर बसलेला मुलगा आणि गुण देण्याची हमी देणारा बुवा या दोघांना मी एकाच काठीनं हाणलं होतं. चूक आकड्यांची नव्हती, माझी होती.

प्रार्थना आकड्यांत मोजायचा विचार तसा जुना आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७२ साली साधा प्रश्न विचारला: राजघराण्यातल्या माणसांच्या दीर्घायुष्यासाठी अख्खी प्रजा प्रार्थना करते, मग ती माणसं जास्त जगतात का? त्यानं राजघराण्यांतल्या ९७ पुरुषांच्या नोंदी घेतल्या. सरासरी आयुष्य निघालं ६४ वर्षं. धर्मोपदेशक, वकील, डॉक्टर, जमीनदार हे सगळे त्यांच्यापेक्षा जास्त जगलेले होते. आजच्या कसोटीवर ही मोजणी कच्ची आहे, राजांच्या खाण्यापिण्याचा आणि काळज्यांचा हिशेब तिच्यात नाही. तरी प्रश्नाची जात बरोबर होती. प्रजेच्या प्रार्थनेचा परिणाम राजाच्या आयुष्यावर होतो, हा जगाबद्दलचा दावा आहे आणि जगाबद्दलचा दावा मोजता येतो.

याच गॉल्टननं १८८३ साली सुप्रजननशास्त्राला त्याचं इंग्रजी नाव दिलं. कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत हे विज्ञानाच्या आधारानं ठरवावं, हा त्याचा आग्रह होता. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यावर कायदे केले. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि साठ हजारांहून जास्त माणसांवर त्या शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत काय झालं ते वेगळं सांगायला नको. धर्माच्या नावावरच्या अत्याचारांची यादी वाचताना मी हे पान वगळत असे. "ते खरं विज्ञान नव्हतं" म्हणून मोकळी होत असे, अगदी तसंच जसं समोरचा "तो खरा धर्म नव्हता" म्हणतो. आता वगळत नाही. गुण पिढीतून पिढीत कसे उतरतात हे विज्ञान सांगू शकतं. कोणता माणूस जगायला लायक, यावर त्याला काही दिसतच नाही, कारण ती पाहण्याची गोष्टच नाही. एकाच माणसानं साक्षीदाराला एकदा योग्य प्रश्न विचारला आणि अकरा वर्षांनी त्याच्या तोंडी भलतंच घातलं. गॉल्टन देवभोळा नव्हता, हे माझ्या बाजूच्या लोकांनी लक्षात ठेवावं. देव नाकारल्यानं माणूस आपोआप शहाणा होत नाही.

विश्वाच्या उत्पत्तीबद्दलच्या वादाइतका या साक्षीचा उलटसुलट वापर दुसरीकडे क्वचितच झाला असेल. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ साली समीकरणांतून मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. १९३१ साली त्यानं पुढचं पाऊल टाकलं आणि सगळं एका आद्य अणूपासून सुरू झालं असावं असं सुचवलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल पक्का नास्तिक. विश्वाला सुरुवात असणं त्याला रुचलं नाही, त्यात त्याला धर्माचा वास येई. १९४८ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला: विश्व आजवर असंच होतं, पुढेही असंच राहील. लमेत्रच्या बाजूच्या कल्पनेला "बिग बँग" हे नावसुद्धा हॉइलनंच दिलेलं, १९४९ च्या एका रेडिओ व्याख्यानात.

१९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी वैज्ञानिकांपुढे भाषण करताना या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीची ग्वाही पाहिली. कुणाला वाटेल लमेत्र सुखावला असेल. तो अस्वस्थ झाला. धर्मगुरूचा झगा अंगावर असलेल्या या माणसाला आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनं उभा केलेला नको होता. आपला सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांबाहेरचा आहे, भौतिकवाद्याला ईश्वर नाकारण्याची मोकळीक तो पूर्ण ठेवतो, असं त्यानं १९५८ साली स्पष्ट म्हटलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ तशीच बसून राहिले होते. स्वतःच्या बाजूला मिळत असलेला फायदा, तो आपल्या हक्काचा नाही म्हणून नाकारणारी माणसं मी माझ्या बाजूला फार पाहिलेली नाहीत.

निकाल आकाशानं दिला. १९६४-६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना त्यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी येणारी एक चिवट खरखर सापडली. विश्वाच्या तप्त बालपणाची ती उरलेली ऊब होती, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर. लमेत्रला ही बातमी १९६६ साली मरणाच्या थोडं आधी कळली. हॉइलनं २००१ साली मरेपर्यंत बिग बँग मानला नाही. धर्मगुरूचं बरोबर निघालं आणि नास्तिकाचं चुकलं. म्हणून देव आहे का? नाही. त्यापुढच्या पन्नास वर्षांत जीवशास्त्रात धर्मग्रंथांच्या शब्दशः वाचनाविरुद्ध ढीगभर पुरावा जमला, म्हणून देव नाही असं ठरतं का? तेही नाही. ग्रंथात लिहिलेलं पृथ्वीचं वय किंवा प्राण्यांच्या उत्पत्तीचा क्रम खोटा ठरतो, आणि तो ठरला हे ठणकावून सांगायलाच हवं. तेवढ्यावर थांबावं मात्र लागतं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते कळावं म्हणून प्रमाणांच्या आणि तर्काच्या आधारानं होतो तो वाद. जिंकण्यासाठी छळाकपटासह चालतो तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता नुसती दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. रोजच्या मराठीत आपण "वितंडवाद" हा एकच शब्द करून टाकला, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. त्याच न्यायदर्शनात छलाचे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवण्याचेही, प्रकार आहेत आणि त्यातल्या वाक्छलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी म्हणतो, हा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, एकच तर दिसते! धर्म-विज्ञानाच्या चर्चेत मला रोज ही घोंगडी भेटते.

"तुम्ही तरी विज्ञानावर विश्वासच ठेवता ना?" ही पहिली. विमानाच्या पंखावर मी ठेवते तो विश्वास लाखो उड्डाणांच्या हिशेबावर उभा आहे आणि उद्या पंख तुटू लागले तर तो मी काढून घेईन. पुनर्जन्मावरच्या विश्वासाला असा हिशेब नाही. शब्द एकच, घोंगड्या दोन. "उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे" ही दुसरी. वैज्ञानिक ज्याला सिद्धांत म्हणतात तो अंदाज नव्हे, शेकडो निरीक्षणं बांधून ठेवणारी चौकट असते. आणि तिसरी आमच्या बाजूची: "श्रद्धा" हा शब्द समोरच्यानं उच्चारला की त्याचा अर्थ अंधश्रद्धाच धरून चालायचं. आईबद्दलची श्रद्धा, कामावरची श्रद्धा आणि गंड्यादोऱ्यावरची श्रद्धा आम्ही एका दमात निकालात काढतो.

मुळात "नास्तिक" कोण, हेच ठरवून कुणी बोलायला बसत नाही. पाणिनीच्या सूत्रात आस्तिक-नास्तिक हे शब्द "आहे" आणि "नाही" यांवरून साधले आहेत, आणि टीकाकार तिथे परलोक आहे की नाही असा अर्थ घेतात. मनुस्मृती म्हणते, वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. ईश्वर न मानणारा, हा अर्थ आजच्या बोलण्यातला. तिन्ही अर्थांची माणसं वेगवेगळी पडतात. सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट घ्या. वेदांचा त्यांच्याइतका कट्टर कैवारी शोधून सापडायचा नाही, आणि जगाचा निर्माता म्हणून ईश्वर मात्र त्यांना मान्य नाही. त्यांचे प्रश्न आजही कुणाच्याही तोंडी शोभतील. जग नव्हतं तेव्हा हा निर्माता कुठं बसला होता? ते पाहायला आणि येऊन सांगायला कोण होतं? हेतूवाचून तर मंद माणूसही हातपाय हलवत नाही, मग यानं कोणत्या हेतूनं जग केलं? दया आली म्हणून म्हणाल, तर दया करायला तेव्हा प्राणीच नव्हते. आणि दयेनं केलं असतं तर त्यात एवढं दुःख कशाला घातलं? मनूच्या व्याख्येनं हा माणूस पक्का आस्तिक, आजच्या व्याख्येनं बहुतेक आमच्या पंगतीतला.

उलट बाजूला रामानुजाचार्य बघा. भक्तीचा एवढा मोठा आचार्य, पण "एवढं आखीव जग आहे म्हणजे आखणारा असलाच पाहिजे" हे अनुमान त्यांना मान्य नाही. ईश्वर कळायचा तर शास्त्रानंच कळेल, तर्कानं सिद्ध होणार नाही, असं ते मांडतात. डोळ्याची रचना किंवा पेशीतली गुंतागुंत दाखवून "हे आपोआप कसं झालं ते सांगा" असं म्हणणाऱ्या श्रद्धावानानं हे जरूर वाचावं. विज्ञानाला अजून न सुटलेल्या कोड्यात देव बसवला तर कोडं सुटत जाईल तसा देव मागे हटत जातो. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाद्रीनं १९४४ साली नाझींच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हीच तक्रार केली होती: आपल्या अज्ञानाची भोकं बुजवायला देव वापरू नका. तक्रार नास्तिकाची नव्हे, वर्षभरात ज्याला फाशी झाली त्या श्रद्धावानाची आहे.

"विज्ञान तर रोज बदलतं, त्याच्यावर काय विसंबायचं" हा मुद्दाही ठरलेला. त्यावर मला ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची आठवण होते. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिएनं कागदावर हिशेब केला, पलीकडे एक अज्ञात ग्रह ओढत असला पाहिजे असं ठरवलं आणि आकाशात कुठं बघायचं ते बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. पत्र पोचलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ ला, योहान गालेनं दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही असाच थोडा फरक दिसला. ल व्हेरिएनं तीच युक्ती लावली: सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान आहे, बहुधा एखादा ग्रह. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं, तो पाहिल्याचं सांगणारा एक डॉक्टरही भेटला. व्हल्कन कधीच नव्हता. ल व्हेरिए १८७७ साली वारला, नेपच्यून सापडल्याच्याच तारखेला, आणि व्हल्कनवरचा त्याचा विश्वास तोवर कायम होता. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ साली आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून आपोआप बाहेर पडला.

तोच माणूस, तीच बुद्धी, तोच तर्क. एकदा ग्रह सापडला, एकदा नाही. त्याच्या नावाच्या दबदब्यानं व्हल्कन अस्तित्वात आला नाही. बदलतं म्हणून विज्ञान कच्चं म्हणणाऱ्यांनी सांगावं की त्यांच्या परंपरेत एवढ्या मोठ्या माणसाचा ग्रह पुसून टाकायची सोय कुठं आहे. आणि "विज्ञान सांगतं" एवढ्यावर छाती काढणाऱ्या माझ्या मित्रांनी ध्यानात घ्यावं की १८६० साली विज्ञानाच्या नावानं व्हल्कनही सांगितला जात होता. "अमुक महान शास्त्रज्ञ देव मानायचा" आणि "तमुक मानायचा नाही" हे दोन्ही मुद्दे याच कारणानं मला पोकळ वाटतात. गणिती रामानुजन आपल्या सूत्रांचं श्रेय नामगिरी देवीला देत. त्यांची कितीतरी सूत्रं अजोड निघाली, पण १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डींना कळवलेले मूळ संख्यांबद्दलचे काही दावे चुकले. उगम एकच सांगितलेला असताना खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे सिद्धतेनं ठरवलं.

मला खरी चीड येते ती एका वेगळ्याच प्रकाराची. पुरावा मागितला की काही जण भराभर वर चढतात: आमची श्रद्धा तर्काच्या पलीकडची, तुमच्या प्रयोगशाळेत ती मावायची नाही. ठीक आहे, मी मागे फिरते. मी वळले की हीच मंडळी खाली उतरतात आणि औषध बंद करा म्हणतात, मूल का होत नाही त्याचं कारण सांगतात, कुणी कुणाशी लग्न करावं ते ठरवतात, वर "क्वांटम", "ऊर्जा", "कंपनं" असे उसने शब्द चिकटवतात. वर राहायचं असेल तर खुशाल राहावं. पण तिथून दुसऱ्याच्या रक्तातली साखर कमीजास्त करता येत नाही. मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन कुणी श्रद्धेपायी थांबवलं तर ते मूल काही दिवसांत मरू शकतं. तिथे समोरच्याच्या भावनांचा आदर वगैरे मला मान्य नाही. तिथे साक्षीदाराला सगळं बोलू दिलं पाहिजे, अगदी मोठ्यानं.

म्हणून आता मी चर्चेच्या सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते: काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? आधी माझं उत्तर देते. कापलेला पाय प्रार्थनेनंतर पुन्हा उगवला, तोही आधी जाहीर करून, न मानणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एकदाच नव्हे तर दोनचार वेळा, तर मी माझं सगळं पुन्हा मांडून बघेन. देव मानेनच असं नाही, पण आज मानते तसं जग मानणार नाही.

गेल्या वर्षी एका वयस्क गृहस्थांना मी हे विचारलं. त्याआधी त्यांनी आत्म्याच्या बाजूनं क्वांटम भौतिकी पुढे केली होती. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग लिहिलं, "काहीही दिसलं तरी बदलणार नाही. माझी श्रद्धा पुराव्यावर उभीच नाही." मी लिहिलं, मग क्वांटम भौतिकी मागे घ्या. त्यांनी घेतली, एका ओळीत, कुरकुर न करता. नंतर त्यांनी मला विचारलं, "आणि बाई, तुमचा नकार विज्ञानातून आला का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हा माझा धाकटा भाऊ गेला. तो जेमतेम दोन वर्षांचा होता. महिनाभर घरात सगळ्यांनी सगळ्या देवांना साकडं घातलं होतं, मीही घातलं होतं. डार्विन आणि गॉल्टन आणि चाचण्यांचे आकडे मला दहाबारा वर्षांनी भेटले. माझा नकार त्यांच्या आधीचा आहे, हे मी त्या गृहस्थांना लिहिलं. एवढ्या वर्षांत प्रथमच कुणाला तरी लिहिलं.

त्यानंतर त्या चर्चेत विज्ञानाचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनीच कुमारिलांचा प्रश्न समोर ठेवला, दुःख कशासाठी, आणि आपलं उत्तर दिलं: पूर्वकर्म. ते त्यांनी फार हळुवारपणे लिहिलं होतं, तरी मला पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही मी त्यांना सांगितलं. दोन वर्षांच्या मुलाच्या तापाचा दोष त्याच मुलावर टाकायला मी तयार नव्हते. रात्रीचा दीड वाजून गेला होता. त्यांनी लिहिलं, "उद्या बोलू. माझ्याही एका मुलीबद्दल तुम्हांला सांगायचं आहे."